ऐकूनही न ऐकल्यासारखं

घारने दोन बोटे मनगटावर आपटली आणि तळहात उताणा करून हवेत हलवला. समोर स्टुलावर बसलेल्या ठिणगीने लगेच मूठ छातीशी नेली आणि अंगठा स्वयंपाकघराकडे वळवला. दोघांच्याही तोंडून शब्द निघाला नव्हता. आजी चहा घेऊन दारात आली, तसे ते चारही हात मुकाट्याने आपापल्या मांडीवर जाऊन बसले.

आजीच्या मनात पाल चुकचुकली. नवरा जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता, आणि घरात पुन्हा तेच सुरू झाले होते.

घार म्हणजे आजोबांचा कारखान्यातला जुना सोबती. पोलादाच्या कारखान्यात तापून लाल झालेल्या सळ्या लाटायचे जे खाते होते, तिथे छताखालून फिरणारी क्रेन तो चालवायचा. सगळा जन्म वर बसून खाली बघण्यात गेला, म्हणून तो घार. आजोबा खाली असत, हातात लांब सांडशी घेऊन. लाटणाऱ्या रुळांतून सळी वळवळत बाहेर आली की सांडशीने तिचे तोंड धरायचे, तिच्यासकट गर्रकन वळायचे आणि तिला पुढच्या रुळांच्या जबड्यात द्यायचे. चुकायला जागा नव्हती. चुकलेल्या एकाची मांडी त्यांनी डोळ्यांदेखत जळताना पाहिली होती. त्या रात्री घरी आल्यावर ते जेवले नव्हते, पण बोलले मात्र खूप होते. तेव्हा ते बोलायचे.

"चहा घ्या, भाऊजी," आजी म्हणाली. "कसल्या खाणाखुणा चालल्या होत्या?"

"काही नाही वहिनी. पोरगी केवढी उंच झाली, तेच बघत होतो."

"उंची मनगटावर मोजतात वाटतं तुमच्यात?"

घारने कपात तोंड घातले. ठिणगी खिडकीबाहेर बघू लागली. ठिणगी ही आजीची नात, मुलाची एकुलती एक मुलगी. हे नाव आजोबांनीच ठेवलेले. शाळेच्या पटावर तिचे छानसे नाव होते, पण त्या नावाने हाक मारली की ती मुद्दाम ओ द्यायची नाही.

आजी खुर्चीत बसली. उठून जायचा तिचा आज विचार नव्हता. मुलगा आणि सून कामावर गेले होते, दुपार मोकळी होती, आणि या दोघांच्या पोटात काय आहे ते काढल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हते.

कारण हे आजचे नव्हते. आजोबा निवृत्त झाले आणि हळूहळू घरात कुठेतरी पाणी मुरू लागले होते. पहिल्यांदा त्यांनी उत्तरे द्यायचे सोडले. ती स्वयंपाकघरातून भाजीचे विचारायची, शेजारणीचे सांगायची, गुडघा दुखतो म्हणायची. बाहेरच्या खोलीतून हूं की चूं नाही. बाहेर येऊन बघावे तर स्वारी आरामात पाय पसरून बसलेली. "अहो, मी भिंतीशी बोलतेय का?" असे तोंडासमोर उभे राहून ओरडले, की दचकून म्हणायचे, "काय गं? काय झालं?" जशी काही तीच कजाग.

मग टीव्ही. आवाज बंद करून बातम्या बघायचे. "त्या बाईचे नुसते ओठ बघत बसता का?" तिने एकदा विचारले, तर हसले. फोन वाजून वाजून दमायचा, हे जागचे हलायचे नाहीत. फोन उचलत नाहीत म्हणजे पलीकडे कोण आहे ते आधीच ठाऊक असणार, असेही एकदा तिच्या मनात येऊन गेले. त्या वयात असले संशय घ्यायची तिलाच लाज वाटली, तरी तिने खिसे तपासले होते. खिशात निघाले काय, तर पेन्सिलचा तुकडा, गोळीचा चुरगळलेला कागद आणि केसांना लावायचे एक लाल रबर. सगळे ठिणगीचे.

ठिणगीशी मात्र सगळे सुरळीत! सकाळी तिला शाळेत पोचवायचे, दुपारी आणायचे, पाऊस असो, ताप असो. वेणी घालायला शिकले होते ते, त्या सांडशीने राठ झालेल्या बोटांनी. रस्त्याने दोघे जाताना आजीने गॅलरीतून पाहिले होते, मान वर करून ती बोलायची आणि मान खाली करून ते तिच्याकडे एकटक बघायचे. तिच्या प्रत्येक वाक्याला त्यांच्याकडे उत्तर असायचे.

एकदा शंका आली होती तिला. कान तर गेले नसतील? कारखान्यात त्या घणघणाटात आयुष्य काढलेले. मग तिने परीक्षा घ्यायची ठरवली. जुनी जड लोखंडी इस्त्री उचलली आणि ते खिडकीशी पाठमोरे बसलेले असताना, त्यांच्या मागे जमिनीवर सोडून दिली. घर वरच्या मजल्यावर, जमीन फळ्यांची. आजोबा ताडकन वळले. "पाय शाबूत आहे ना तुझा?" म्हणाले.

पाय शाबूत होता. पण त्या दिवशी आजीचे मन फाटले. म्हणजे ऐकू येते. इस्त्रीचे ऐकू येते, नातीचे ऐकू येते, फक्त बायकोचे येत नाही.

पुढे सुनेने काळजीने विचारलेही होते, "आई, बाबांना नीट ऐकू येतं ना? शाळेसमोरून कारखान्याचे ट्रक जातात. जरा जरी कमी येत असेल, तर मी रिक्षा लावते तिला."

"चांगलं खणखणीत येतं," आजी फणकाऱ्याने म्हणाली होती. "मला सोडून सगळ्या जगाचं येतं. खुशाल पाठव."

त्या दिवसापासून तीही बोलेनाशी झाली. जेवण वाढले, औषध दिले, संपले. दोघांत फक्त भांड्यांचा आवाज उरला, आणि तोही एकटीलाच ऐकू येत होता हे तिला कुठे ठाऊक होते?

मग गेल्या महिन्यात छातीत दुखले आणि दवाखाना झाला. शेवटच्या संध्याकाळी पडदा ओढलेला होता, नर्स नुकतीच गेली होती. इतकी वर्षे ओठांवर अडलेले आजीने अखेर विचारून टाकले. त्यांच्या पायाशी बसून, चादरीच्या सुरकुत्या सरळ करत, मान खाली घालून. "माझा कंटाळा आला होता ना हो तुम्हाला?"

आजोबांनी तिच्या हातावर थोपटले. छान हसले. म्हणाले, "हो, हो."

पहाटे गेले.

ते "हो, हो" तेव्हापासून तिला सलत होते. लोक येत, "देवमाणूस होता" म्हणत. ती मान डोलवी आणि मनात म्हणे, देवमाणसाने मला काय सांगितले ते तुम्हाला कुठे माहीत आहे.

"भाऊजी," आजी आता म्हणाली, "तुम्ही त्यांचे एवढे जिवलग. तुमच्याशी तरी बोलायचे का?"

"म्हणजे काय! तासन्‌तास."

"कशाबद्दल?"

"असंच. जुनं." घारने चहा संपवला, उठला आणि भिंतीवरच्या फोटोपाशी गेला. खात्यातल्या साऱ्यांचा फोटो होता. चेहरे काजळलेले, दात तेवढे पांढरे. फोटोला नाक लावून तो एकेकाला ओळखू लागला.

आजी त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. "तुम्हीही मला असंच फसवणार का, भाऊजी? सगळे मिळून?"

घार वळला. तिचे ओठ नुकतेच मिटले होते. त्याने तिच्या हातावर थोपटले, छान हसला, आणि म्हणाला, "हो, हो."

तेच थोपटणे. तेच हसू.

"आजी," ठिणगी मागून हळूच म्हणाली, "त्यांना नाही ऐकू आलं. तोंडासमोर जाऊन बोल ना."

घारने एकदा मुलीकडे पाहिले, एकदा आजीकडे. मग खुर्चीत धपकन बसला.

"फोडलंस ना?" तो ठिणगीला म्हणाला.

"मी तुमचं सांगितलं. आजोबांचं नाही."

"एकाचं काय अन् दुसऱ्याचं काय. खात्यातले आम्ही सगळे एकाच माळेचे मणी." मग आजीकडे वळून म्हणाला, "वहिनी, माझा एक कान थोडा तरी चालतो. त्याचे दोन्ही गेले होते. साफ. निवृत्त झाला तेव्हाच निम्मे गेलेले होते, मग उरलेलेही गेले."

"खोटं. मी स्वतः परीक्षा घेतली होती. इस्त्री टाकली मागे. वळले ते."

घार हसला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिले. "फळ्यांवर? अनवाणी बसला असेल. अहो, त्या धडधडाटात कान कुणाचे चालायचे? सळी रुळातून निसटली की ती पायाखालच्या पत्र्यावर आपटायची, ते तळपायाला कळायचं. कळलं नाही तो मेला. इस्त्री काय, तुम्ही वाटी टाकली असती तरी वळला असता तो."

"आणि बोलणं?"

"हातांनी. तिथे सगळेच हातांनी बोलायचे. मी वर, तो खाली. शिव्यासुद्धा हातांनी." त्याने ठिणगीकडे बोट केले. "हिला त्याने सगळं शिकवलं. शिव्या सोडून."

"दोन शिकवल्यात," ठिणगी म्हणाली.

आजी तिच्यासमोर स्टुलापाशी खाली बसली. गुडघा कटकन वाजला. "तुला माहीत होतं? कधीपासून?"

"पहिलीपासून. मी हाक मारली आणि ते पुढेच चालत राहिले. मग मी पळत जाऊन समोर उभी राहिले आणि रडले. तेव्हा त्यांनी सांगितलं. आणि शपथ घातली."

"आणि मला का नाही सांगितलं?"

ठिणगीने घारकडे बघितले. घारने खांदे उडवले.

"तू आईला सांगितलं असतंस," ठिणगी म्हणाली. "मग आईने रिक्षा लावली असती."

सांगितलेच असते आजीने. त्याच संध्याकाळी, सून चपला काढायच्या आत.

म्हणजे त्यांनी निवडले होते. एका पारड्यात शाळेचा रस्ता, दुसऱ्यात बायकोचे बोलणे. आणि रस्ता जड झाला होता. तिला राग आला. पुष्कळ दिवसांनी चांगला, स्वच्छ राग. एवढ्याशा मुलीला ट्रकांच्या रस्त्याने न्यायचे, आणि ऐकू काही येत नाही! आणि मी घरात एकटी जीभ चावत बसायचे!

मग एकदम तिने विचारले, "ते हो, हो काय होतं?"

"कुठलं?"

"कुणी काही विचारलं की हसून म्हणायचे ते."

"ते होय," ठिणगी म्हणाली. "ते आमचं ठरलं होतं. आधी ते नाही म्हणायचे. मग एकदा बाईंनी विचारलं, 'नात अभ्यास करते ना घरी?' तर म्हणाले, नाही नाही. मला ओरडा बसला. मग ठरलं, काय विचारलं ते कळलं नाही, तर हो म्हणायचं. आणि हातावर थोपटायचं. थोपटलं की लोक पुन्हा विचारत नाहीत."

घार म्हणाला, "माझंही तेच. त्याच्याकडूनच उचललं."

आजीला दवाखान्यातली ती संध्याकाळ आठवली. चादरीकडे बघत, मान खाली घालून विचारले होते तिने. तिचे ओठ त्यांना दिसणार कुठून? निदान त्या एका वेळी वर बघायचे होते. मग त्यांनी काय उत्तर दिले असते, ते आता कुणाच्या बोटांना विचारायचे?

"वहिनी, रडताय का?"

"नाही," आजी पदराने नाक पुसत, घारच्या तोंडासमोर मान उचलून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "शिव्या देतेय. त्या दोन कोणत्या, त्या शिकवा मला आधी."

दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, "आई, आता रिक्षाच लावून टाकते हिला."

"मी जाईन," आजी म्हणाली.

"तुमचा गुडघा?"

"माझा गुडघा मी बघते."

सकाळी दोघी निघाल्या. ठिणगी वाटेत बडबडत होती, आणि सवयीने मान वर करून, आजीच्या अगदी चेहऱ्यासमोर बोलत होती. आजी चुकलीच एकदा. पुढे बघत चालू लागली. ठिणगीने तिचा हात ओढला. "इकडे बघ ना. मी बोलतेय."

मोठ्या रस्त्याच्या कडेला दोघी थांबल्या. मागच्या वळणावरून ट्रक येत होता. आजीला तो केव्हाच ऐकू आला होता. लोखंड भरलेला असणार, खडखडत होता. तेवढ्यात तिच्या तळहातात ठिणगीची बोटे घट्ट रुतली आणि तशीच राहिली. ट्रक पुढे गेला. बोटे सैल झाली, मग अंगठ्याने हळूच एकदा दाबले, चल.

ठिणगीचे लक्षही नव्हते. ती पलीकडच्या फाटकातल्या मैत्रिणीकडे बघत होती.

आजीने आपल्याला ऐकू येते हे तिला सांगितले नाही. ती नुसती मागोमाग रस्ता ओलांडून गेली.