गुरुवारचे तेल

चौकीतल्या टेबलावर मला ठेवले होते. फौजदारांनी एकच प्रश्न विचारला होता, “हा कंदील कोणी लावला?” भिंतीशी उकिडवे बसलेले सत्तारभाई आपल्या काजळलेल्या बोटांकडे पाहत होते. खुर्ची नाकारून मालनबाई उभ्या होत्या. उंबऱ्याबाहेर आक्काबाई पदराचे टोक दातांत धरून थिजली होती. उत्तर मला ठाऊक होते. पण मित्रांनो, ज्याला उजेड देता येतो, त्याला बोलता येतेच असे नाही.

मी एक जुना, चार काचांचा कंदील आहे. नगरच्या एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने मला घडवले आणि शेवगावजवळच्या एका गावात, पीरसाहेबांच्या ओट्यावर, माझे आयुष्य सरले. दर्ग्याची झाडलोट करणारे, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजणारे सत्तारभाई रोज राखेने माझ्या काचा पुसत. ज्या घरातला माणूस परगावी असेल, त्या घराने दर गुरुवारी माझ्या पोटातल्या दिवलीत पळीभर तेल घालायचे, अशी गावाची रीत होती. तेल घालणारा कोणत्या देवाचा, हे मला कोणी कधी विचारले नाही.

मालनबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. ज्यांचे कोणी ऐकत नसे त्यांचे अर्ज त्या माझ्या उजेडात लिहीत. विनाकारण कोंडलेल्या मजुराच्या घरचे, मार खाल्लेली बाई, सगळे त्या ओट्यावर येत. “माणूस धरला, तर का धरला हे त्याला कळलं पाहिजे,” एवढेच त्यांचे म्हणणे.

“बाई, तुमच्या अर्जापायी ह्याचं तेल लौकर संपतं,” सत्तारभाई कुरकुरत.

“अर्ज काय तेल पितात?”

“तेल हा पितो. अर्ज फौजदारसाहेब पितात!”

मग दोघेही हसत, आणि माझी ज्योत उगीचच थरथरे.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई पेटली. संध्याकाळनंतर कुठेही उजेड दिसता कामा नये, असा हुकूम आला. सत्तारभाईंनी माझ्या काचांना काळा कागद डकवला. डोळे आलेल्या लेकराचे डोळे बांधावेत इतक्या हळुवारपणे. त्या गुरुवारी ते शेवगावला गेले होते. दिवेलागणीला आक्काबाई आली. तिचा मुलगा गहिनीनाथ आघाडीवर होता, आणि गुरुवार चुकवायची तिची छाती नव्हती. तिने एका काचेवरचा कागद सोलला, तेल घातले, नेसत्या लुगड्याच्या हिरव्या काठाची चिंधी फाडून वात केली. “पोराला वाट दिसू द्या, पीरबाबा,” म्हणाली आणि घरी गेली.

गस्तीवाल्यांनी रस्त्यावरून उजेड पाहिला. त्याच वेळी परतलेले सत्तारभाई मला विझवायला धावले. गस्तीवाले पोचले तेव्हा सत्तारभाईंचा हात माझ्या पोटात होता; त्यांनी आम्हा दोघांनाही चौकीत आणले. शत्रूच्या विमानांना खूण करणारा हात, असे गाव दुसऱ्या दिवशी म्हणू लागले. रोज पाणी पाजणारा हात, असे कोणी म्हणाले नाही.

मालनबाई तीन दिवस चौकीत येत राहिल्या. सत्तारभाईंच्या अटकेची वहीत नोंदच नव्हती. ती करा, एवढा एकच हट्ट. गिरणीवाल्याने त्यांचे दळण परत पाठवले. त्यांच्या भिंतीवर कोळशाने ‘देशद्रोही’ लिहिले गेले. शिजवलेली ज्वारी फडक्यात बांधून त्या येत आणि त्यातली निम्मी सत्तारभाईंपुढे ठेवीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझे दार उघडले. वातीचा हिरवा काठ पाहून त्यांची बोटे थबकली. त्यांनी दार हलकेच लावले. नाव मात्र घेतले नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांच्यामागून आक्काबाई आली. दोघींत काय बोलणे झाले, मला ठाऊक नाही.

“बाई, शेवटचं विचारतो,” फौजदार मालनबाईंकडे वळले. “नाव सांगा, नाहीतर ह्यांच्याशेजारी तुम्हीही बसाल.”

“ज्याचं नाव त्यानं सांगावं. मी कोणाचं हिसकावून आणणार नाही. ह्यांना का धरलंत, तेवढं लिहून द्या. मग मला बसवा.”

तेव्हा आक्काबाईने उंबरा ओलांडला. “म्या लावला, सायेब. गुरवारचं त्याल हाय त्ये. माजं पोरगं लढाईवर हाय. सत्तारभाऊ तवा गावात न्हवतंच.”

फौजदारांनी माझे दार उघडून वातीची हिरवी चिंधी आणि तिच्या लुगड्याचा फाटका काठ ताडून पाहिला. मग त्यांनी वही ओढली. सत्तारभाईंची पहिली नोंद झाली ती सुटकेची.

मित्रांनो, काच काजळली तर राखेने पुसता येते. माणसावर घेतलेला संशय कशाने पुसतात, हे इतकी वर्षे जळूनही मला उमगले नाही. म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. अंधाराचा हुकूम येईल तेव्हा दिवे खुशाल झाका. पण शेजाऱ्याचा चेहरा झाकू नका.

लढाई थांबल्यावरच्या पहिल्या गुरुवारी ओटा भरून गेला. गिरणीवाला नारळ घेऊन आला होता. आक्काबाईने तेलाची वाटी पुढे केली. “लावा की, भाऊ. माजंच त्याल हाय.”

सत्तारभाईंनी उरलेले काळे कागद सोलले. चारही काचा नेहमीच्याच निगुतीने राखेने पुसल्या.

“सत्तारभाई, लावताय ना?” मालनबाईंनी हळूच विचारले.

त्यांनी काचा पुसायच्या फडक्याची घडी करून ती बाईंच्या हातात दिली, पायांत चपला सरकवल्या, आणि मला न लावताच ओटा उतरून ते चालू लागले.