खिडकीताई निळ्या निघाल्या

चाचणीचा निकाल आला आणि घरगुती यंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या कार्यालयाचे साहेब नवं खेळणं मिळाल्यासारखे खूश झाले. माणूस मोठा लाघवी, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा पिच्छा सोडत नसत. कोणाचा स्वभाव कसा, कोणाला कशाने हुरूप येतो, हे कळावं म्हणून त्यांनी सगळ्यांना ती चाचणी द्यायला लावली होती. हेतू चांगलाच होता. पण निकालात प्रत्येकाच्या वाट्याला एक रंग आला, आणि साहेबांनी तो ज्याच्या त्याच्या खुर्चीच्या पाठीला चिकटवला. लाल म्हणजे धडाडीचा, पिवळा बोलका, हिरवा सबुरीचा, निळा एकटा रमणारा. दुपारपर्यंत हिशेबनीस "मी हिरवा आहे, मला घाई करू नका" म्हणत निवांत चहा पिऊ लागले.

खिडकीताई निळ्या निघाल्या. तक्रारीच्या खिडकीवर त्या इतकी वर्षं बसत होत्या की त्यांचं खरं नाव कोणी घेतच नसे. कपडे धुण्याचं यंत्र बंद पडलं म्हणून तणतणत आलेला माणूस त्यांच्यासमोर बघता बघता नरम पडे. साहेबांनी त्यांना बोलावून मायेनंच सांगितलं, "ताई, तुम्हाला एकटं राहायला आवडतं हे आम्हाला कळलंच नाही. उद्यापासून सुट्या भागांची खोली तुमची. तिथे कोणाची कटकट नाही." खिडकीवर एका पिवळ्या विक्रेत्याला बसवलं.

ताई "बरं" म्हणाल्या. आठवडा संपायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. साहेबांचं धाबं दणाणलं. इकडे पिवळा गडी गिऱ्हाइकाला तोंड उघडू देत नव्हता आणि खिडकीवर रोज भांडणं होत होती.

संध्याकाळी साहेबांनी थोरल्या बहिणीपाशी रडगाणं गायलं. अक्का लोकांच्या आखडलेल्या सांध्यांना व्यायाम देत, आणि धाकट्या भावाचा कान धरायचा हक्कही त्यांनी सोडला नव्हता.

"तिचं एवढं भलं केलं, तरी ती चाललीच," साहेब म्हणाले.

"तिला विचारलं होतंस का?"

"चाचणीत सगळं होतं की."

"अरे, माझ्याकडे गुडघा आखडलेला माणूस येतो. तो किती वाकतो ते मी मोजते. कशासाठी? उद्या थोडा जास्त वाकावा म्हणून. 'याचा गुडघा वाकत नाही' अशी पाटी गळ्यात अडकवून घरी नाही पाठवत त्याला. आणि मोजताना विचारते, कुठे दुखतंय बाबा? ते त्याचं त्यालाच ठाऊक असतं."

"मग चाचणी टाकून देऊ?"

"झालं, निघालास दुसऱ्या टोकाला. चाचणी चांगली आहे रे. तू पहिली ओळ वाचलीस आणि माणूस गुंडाळून ठेवलास. जा, तिच्याशेजारी बसून पुढचं वाच."

दुसऱ्या दिवशी साहेब निकाल घेऊन सुट्या भागांच्या खोलीत गेले आणि एका खोक्यावर बसले. "ताई, हे तुम्हाला पटतं का?" एवढंच त्यांनी विचारलं.

ताईंनी सावकाश वाचलं. "एकटं राहायला आवडतं, हे खरं आहे. दिवसभर लोकांचा राग ऐकला की नंतर कोणाशी बोलू नये असं वाटतं. पण खाली हेही लिहिलंय ना, दुसऱ्याची अडचण सुटली की मला समाधान मिळतं म्हणून? मला वाटलं, तुम्हाला माझं काम आवडतच नव्हतं, आणि ते सांगायला ही चाचणी काढलीत."

साहेबांना भरून आलं. जिच्यावर सगळं कार्यालय विसंबून होतं, तिलाच आपण नकोशी करून टाकलं! "चुकलो मी, ताई," ते म्हणाले. "आता काय करायचं ते तुम्हीच सांगा."

"खिडकी द्या. दुपारी थोडा वेळ शांत बसू द्या. आणि त्या पिवळ्याला माझ्याशेजारी बसवा. मनाचा चांगला आहे तो, फक्त ऐकायला शिकवायला हवं. मला शिकवायला आवडेल. आजवर कोणी विचारलं नाही, म्हणून बोलले नाही."

राजीनामा फाडला गेला. साहेब मग एकेकाचा निकाल घेऊन एकेकाच्या शेजारी बसू लागले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण आपल्या माणसांना फारच थोडं ओळखत होतो.

वाचकहो, आपल्या माणसांना जरूर पारखा, पण त्यांना पुढे न्यायचं असेल तरच. आणि निकाल हाती आला की त्यांची जागा ठरवण्याआधी त्यांनाच विचारा, "हे तुम्हाला पटतं का?"