कौशल्याची ओटी

अकोल्याच्या फलाटावर कौशल्यानं तिचा हात धरला. प्रमोदिनीनं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि हात सोडवून घेतला.

दोन वर्षांनी ती विलायतेहून परत येत होती. मुंबईच्या गाडीतून माणसं उतरत होती, बायका एकमेकींचे हात धरून गर्दीतून वाट काढत होत्या आणि कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. तिनं हात सोडवला तेव्हा मात्र ट्रंक उचलणाऱ्या हमालानं वळून दोघींकडे पाहिलं.

"काय झालं?" कौशल्यानं विचारलं.

"काही नाही. इथं नको."

कौशल्यानं आणलेली शेवंतीची वेणी मग पिशवीतच राहिली.

प्रमोदिनी विलायतेला जाण्याआधी त्या दोघी अकोल्यात एका घरात सहा वर्षं राहिल्या होत्या. प्रमोदिनी अमरावतीच्या वकील बापूसाहेबांची मुलगी, वनस्पतिशास्त्र शिकून अकोल्याच्या कॉलेजात शिकवायला आलेली. कौशल्या बाळापूरच्या शेतकरी घरातली, मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी. खोल्या भाड्याच्या होत्या, चूल एक होती आणि संसारही एकच होता. नवराबायको राहतात तशाच त्या राहत होत्या. हे वाक्य त्या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं, त्या दोघींनीसुद्धा नाही. गरजच पडली नव्हती. गल्लीत कुणाकडे लग्न निघालं की अक्षत यायची ती दोघींची मिळून एक. शेजारच्या पार्वताबाई एकीला पाहिलं की दुसरीची खुशाली विचारायच्या.

विलायतेत प्रमोदिनीला या सगळ्यासाठी एक शब्द मिळाला.

मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत ती कापसाच्या तंतूंवर काम करत होती. तंतू न ताणता काचपट्टीवर कसा बसवायचा, हे तिला मिस्टर हॉलिस नावाच्या पन्नाशीच्या अबोल गृहस्थांनी शिकवलं. एका सोमवारी ते आले नाहीत. त्यांना आणि त्यांच्या मित्राला पोलिसांनी पकडून नेल्याचं वर्तमानपत्रात आलं होतं. चोरी नव्हती, मारामारी नव्हती. एका पुरुषानं दुसऱ्या पुरुषाबरोबर राहावं, एवढाच गुन्हा. दुपारपर्यंत चहाच्या खोलीतल्या खुंटीवरून त्यांचा कप कुणीतरी काढून टाकला. वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर चहा घेणारी माणसं आवाज खाली आणून तो एकच शब्द बोलत होती. प्रमोदिनीनं तो तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पानाफुलांचं वर्गीकरण करण्यात तिचा जन्म गेला होता. तिनं तो शब्द स्वतःला आणि कौशल्याला लावून पाहिला. तो बसला. त्या दिवसापासून तिला भीती वाटू लागली.

परत आल्यावर तिनं बापूसाहेबांच्या कपाटातून फौजदारी कायद्याचं जाड पुस्तक काढलं. इंग्रज निघून गेले होते, त्यांनी घातलेलं त्या गुन्ह्याचं कलम मात्र आपल्याकडे जसंच्या तसं होतं. दोन बायकांनी एकत्र राहण्याबद्दल त्यात काही नव्हतं. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. अकोल्याची जुनी नोकरी मिळत असताना तिनं अमरावतीची मागून घेतली. काही दिवस वेगळं राहिलेलं बरं, एवढंच तिनं कौशल्याला सांगितलं. कारण सांगितलं नाही. एका भर दुपारी तिची पुस्तकं, कपाट आणि सूक्ष्मदर्शकाची पेटी बैलगाडीत चढली. पार्वताबाई ओट्यावर बसून पाहत होत्या. गाडी वळणापलीकडे गेली नाही तोच त्यांनी कौशल्याला विचारलं, भांडण कशावरून झालं?

सहा वर्षांत त्या दोघी एकत्र का राहतात, असं कुणी विचारलं नव्हतं. वेगळ्या का झाल्या, हे आता सगळी गल्ली विचारत होती. कौशल्यानं हे पत्रातून कळवलं. प्रमोदिनीनं उत्तर लिहिलं ते हवापाण्याचं.

तुळशीचं लग्न झालं आणि खुशालराव अमरावतीला आला. कौशल्याचा हा थोरला भाऊ. दरवर्षी तो अकोल्याच्या घरी ज्वारीचं पोतं आणि तुरीची डाळ आणून टाकायचा, चहा प्यायचा आणि शेतातलं बोलून निघून जायचा. या वेळी रिकाम्या हातानं आला होता. बैठकीत बापूसाहेब वर्तमानपत्र वाचत होते. खुशालराव खुर्चीच्या काठावर टेकला, टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली.

"कौशीची सुपारी फोडून राहिलो, बाई," तो म्हणाला. "येत्या ऐतवारी. अचलपूरचे जानराव हायेत. बायको वारली त्याइची, दोन लेकरं हायेत. संत्र्याचा बगीचा हाये. मानूस बरा हाये."

"कौशल्या काय म्हणते?"

"काय म्हनन? दादा, तुले वाटते ते कर, म्हने." त्यानं गुडघ्यावरची टोपी फिरवली. "आजवर लय ठिकानं आली तिले. मी सगळ्याइले सांगतलं, तिले तिचं घर हाये. आता तुमी तिले सोडलं. मंग मले तिची सोय पाहा लागन का नाही?"

नवऱ्यानं टाकलेल्या बाईबद्दल बोलावं तसं तो बोलला, आणि बोलताना त्याला काही वावगं वाटलं नाही. बापूसाहेबांच्या हातातलं पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

खुशालराव गेल्यावर त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली.

"बरं झालं," ते म्हणाले. "त्यांचा प्रश्न मिटला. आणि आपलाही."

म्हणजे त्यांना माहीत होतं. ती ज्या घरात लपायला आली होती, तिथं हे संपण्याची कधीपासून वाट पाहिली जात होती. आणि ज्याच्यापासून लपावं असं तिला वाटलं होतं, तो शेतकरी सगळ्या सोयरिकी परत पाठवत होता.

त्यानंतरच्या दिवसांत तिला वर्गात शिकवणं कठीण गेलं. मँचेस्टरची घरमालकीण पुन्हा पुन्हा आठवत होती. ती बाई आपल्या मैत्रिणीबरोबर आयुष्यभर एका घरात राहिली होती, पोलिसांनी त्यांना कधी हात लावला नव्हता. किती मोकळ्या या, असं प्रमोदिनीला वाटायचं. आता तिच्या ध्यानात आलं, की त्या घरात एकही नातेवाईक आलेला तिनं पाहिला नव्हता. नाताळात भावाचं कार्ड यायचं, त्यावर एकीचंच नाव असायचं.

आणि बाळापूरला? दिवाळीनंतर त्या दोघी तिथून निघायच्या तेव्हा कौशल्याची आई गोदाबाई लेकीला पाटावर बसवून तिची ओटी भरायची. गहू, खण, नारळ. सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी. कौशल्याच्या भावजयीनं एकदा हसून विचारलं होतं, लग्न नाही झालं त ओटी कायची? पोर आपल्या घरी चालली, रिकामी कशी धाडू, असं म्हणून गोदाबाईनं तिला गप्प केलं होतं. प्रमोदिनी तेव्हा दारात मोटारीची वाट पाहत उभी होती. खेड्यातली माणसं रीतीभातीत गोंधळ करतात, असं तिला वाटलं होतं. नेमकं पाहण्याचा जिला अभिमान, तिनं ते पाहूनही पाहिलं नव्हतं.

रविवारी ती बाळापूरला पोचली तेव्हा अंगण सारवलेलं होतं. ओसरीवर सतरंज्या पसरल्या होत्या आणि ताटात सुपाऱ्या, खण, नारळ मांडून ठेवले होते. जानराव दुपारच्या मोटारीनं यायचे होते. गोदाबाईनं तिला पाहिलं. ये म्हणाली नाही. हनुवटीनं कापसाच्या खोलीकडे खूण केली आणि चुलीकडे वळली.

कापूस आढ्यापर्यंत भरला होता. कौशल्या नव्या लुगड्यात उंबऱ्याच्या आत बसली होती. प्रमोदिनी बोलू लागली. हॉलिसचं सांगितलं, खुंटीवरच्या कपाचं सांगितलं, वडिलांच्या पुस्तकातल्या कलमाचं सांगितलं. कापसानं आवाज शोषून घेतला आणि प्रत्येक वाक्य ओठांपाशीच संपलं. एरवी कौशल्या प्रमोदिनीशी पुस्तकी मराठीत बोलायची. आज तिनं ती भाषा बाजूला ठेवली.

"त्या मानसाले तिकडं पकडलं," ती म्हणाली, "अन् तू मले इकडं सोडलं?"

"मला भीती वाटली."

"मले सांगतलं असतं, मी बी भेली असती. दोघी मिळून भेलो असतो. तू त गाडीत सामान भरलं."

"लग्न करायचंय तुला?"

"मले घर पायजे होतं, पमा. ते तू मोडलं."

दारात सावली पडली. खुशालराव किती वेळ उभा होता, कळायला मार्ग नव्हता. प्रमोदिनी उठून ओसरीवर आली. त्याला समजावून सांगायचं म्हणून मोटारीत तिनं बरंच काही जुळवलं होतं, विलायतेतला तो शब्दही त्यात होता. त्याच्यासमोर उभी राहिल्यावर यातलं काहीच उपयोगाचं वाटलं नाही.

"तुमी काहून आल्या, बाई?"

"तिला न्यायला."

गोदाबाई चुलीपासून उठून दाराशी आली. खुशालरावची नजर ताटावर गेली.

"जानरावले सबद देल्ला मी. त्याले काय सांगू? लोकाइले काय सांगू?"

"तिला घर आहे, हे तुम्ही आजवर सांगत होतात. तेच."

"अन् पुढच्या साली आनखी कोनाले पकडलं, मंग?"

त्यानं ऐकलं होतं तर. प्रमोदिनीला खोटं बोलायचं नव्हतं. भीती गेलेली नाही, असं तिनं सांगितलं. अकोल्याच्या कॉलेजात परत जागा मागितली आहे. मिळेपर्यंत बडनेऱ्याच्या गाडीनं अमरावतीला जाऊन येऊन नोकरी करीन, पण मुक्काम अकोल्याच्याच घरी. बापूसाहेबांना हे आज सकाळी सांगितलं. ती निघाली तेव्हा ते बाहेरही आले नाहीत.

खुशालराव तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि तो रस्त्याकडे चालू लागला. त्याच्या मनात काय आहे, हे कुणालाच कळलं नाही.

गोदाबाईनं पाट मांडला. "कौशे, ये," ती म्हणाली.

कौशल्या लगेच उठली नाही. कापसाच्या खोलीत ती इतका वेळ बसून राहिली, की प्रमोदिनीला वाटलं, संपलं. मग ती बाहेर आली, पाटावर बसली आणि तिनं पदर पसरला. गोदाबाईनं गहू घातले. नारळ घ्यायला तिचा हात फडताळाकडे गेला, तिथं थांबला, आणि तिनं सुपारीच्या ताटातला नारळ उचलला. खणही तिथलाच.

"पमाबाई, ऐक," गोदाबाई लेकीच्या ओटीला गाठ मारत म्हणाली. "दिवाळीले दोघी या. कौशी एकटी आली त मंग ते इथंच राहीन. मी पुन्हा भरनार नाही."

मोटार गावाबाहेरच्या लिंबाखाली थांबायची. त्या पोचल्या तेव्हा ती नुकतीच आली होती, आणि तीच अकोल्याला परत जाणार होती. जानराव उतरत होते. कोरं धोतर, हातात संत्र्यांची टोपली, चेहरा खरोखरच बरा. खुशालराव त्यांच्यापुढे उभा होता. मोटारीचं दार त्या दोघांच्या मागे होतं. दुसरी वाट नव्हती.

कौशल्या मान खाली न घालता चालत गेली. जानरावांनी नवं लुगडं पाहिलं, भरलेली ओटी पाहिली आणि आदरानं बाजूला सरकून जागा करून दिली.

"कोन हायेत?" त्यांनी खुशालरावला विचारलं.

प्रमोदिनीचा पाय पायरीवर थबकला. खुशालराव कुणाकडेच पाहत नव्हता, मोटारीच्या चाकाकडे पाहत होता.

"माही बहीन हाये," तो म्हणाला. "घरी चालली." मग त्यानं जानरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "चाला. सांगतो तुमाले."

जानराव टोपली धरून तिथंच उभे राहिले. मोटार वळली तरी ते उभेच होते, आणि खुशालराव मान खाली घालून त्यांच्याशी काहीतरी बोलत होता.

कौशल्या खिडकीशी बसली होती. दोन्ही हातांनी ओटी सांभाळत होती, बाहेर पाहत होती.

"रागावलीस ना?" प्रमोदिनीनं विचारलं.

"हो."

मोटार भरलेली होती. समोरच्या बाकावरची म्हातारी दोघींकडे निवांत पाहत होती. पुढच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि नारळ पदरातून घसरायला लागला. कौशल्यानं तो सावरला आणि प्रमोदिनीपुढे केला.

"धर," ती म्हणाली.