घंटा वाजायच्या आत

घड्याळजी काकांनी आपलं मांजर बहिणीला देऊन टाकलं, हे ऐकून मी चक्क खूश झाले. अक्कल गहाण टाकली होती माझी, दुसरं काय!

मी समुपदेशक आहे. बोलण्याआधी समोरच्या माणसाबरोबर थोडा वेळ बुद्धाच्या पद्धतीनं श्वास पाहत बसते. वेळ संपल्याची घंटा वाजेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, बोलायचं नाही, हा माझाच नियम. घड्याळं दुरुस्त करणारे हे काका बायको गेल्यापासून माझ्याकडे येतात. बसले की त्यांचा श्वास अडखळायचा, मध्येच हुंदका यायचा. मी सांगत आले, सगळं अनित्य आहे, घट्ट धरू नका.

"दुरुस्तीची हत्यारंही शेजाऱ्याला दिली, ताई," आज बसता बसता ते म्हणाले. "आता कशातच जीव अडकलेला नाही. तुमचीच कृपा."

"कमाल केलीत!" म्हणत मी डोळे मिटले.

आणि त्यांचा श्वास ऐकू येईना. कान देऊन ऐकलं. संथ, गुळगुळीत, कुठे हुंदका नाही. दुःख असं एका आठवड्यात पुसलं जातं होय? मांजर दिलं, हत्यारं दिली. आत येताना म्हणाले होते, 'पुढची वेळ लिहू नका.' मला वाटलं, गावाला जात असतील. बाई गं! हा माणूस आवराआवर करत होता, आणि मी त्यालाच शांती समजून शाबासकी देत होते.

घंटेला अवकाश होता. माझं चुकलं असलं तर त्यांचा विश्वास उडेल. नसलं तर? नियम गेला खड्ड्यात. मी डोळे उघडले.

"काका, मरायचं ठरवलंय का तुम्ही?"

डोळे मिटूनच ते हसले. "आज घरी गेल्यावर," दूध आणायचंय इतक्या सहज म्हणाले. "घाबरू नका ताई. मला आता भीती वाटत नाही."

"मला वाटते ना!" मी ओरडलेच. "एकट्यानं कुठेही जायचं नाही. बहिणीला बोलावते, मग तिघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ."

त्यांचा हात घट्ट धरून मी फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला. शेवटी बहिणीनं उचलला. दादा माझ्याकडे आहेत, लगेच या, असं मी सांगितलं; मागे मांजर ओरडत होतं.

"ताई, दादाला सांगा हो, हे काही खाईना. नुसतं दाराशी बसून राहतंय."

मी फोन त्यांच्या कानाला लावला. मांजर पुन्हा ओरडलं. काकांचा श्वास अडखळला, मग हुंदका फुटला. घंटा वाजून गेली. मी त्यांचा हात सोडला नाही.