मिठाचा पाव, साखरेचा पाव

ॲम्ब्रोज थॅकवे मेला तेव्हा हेरेफर्डचे लोक टोप्या काढून रस्त्यात उभे राहिले. माणसासाठी नव्हे, पैशासाठी. दहा लाख पौंड! आमच्याकडच्या सरदारांनी पिढ्यान्‌पिढ्या कुळांचं रक्त पिऊन जमवलं नाही तेवढं ह्याने एका जन्मात जमवलं, तेही जमैकाच्या उसातून. मी त्याच्या घरची स्वयंपाकीण. त्याचंच खाऊन त्याला नावं ठेवते म्हणाल, तर म्हणा. खाल्लं म्हणूनच ठाऊक आहे.

मरणाआधी तो तापात बरळत होता. "हात तोडा! चरक थांबवू नका!" उशाशी त्याची एकुलती लेक, लेटिस. तिने मला विचारलं, "मार्जरी, कुणाचा हात गं?"

माझा भाऊ मालकाच्या साखरेच्या जहाजांवर खलाशी होता. त्याने सांगितलेलं मी तिला तोंडावर सांगितलं. चरकात ऊस सारताना गुलामाचा हात सापडतो. मग अख्खा माणूस आत ओढला जाऊ नये म्हणून हात तोडायला भिंतीवर कुऱ्हाड टांगलेली असते. माणूस वाचतो. चरकही चालू राहतो.

त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. बाप गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. "एनोक गॉफला बोलाव. बाबांना असं पाठवायचं नाही मला."

एनोक म्हणजे आमच्या मुलखातला पाप खाणारा. प्रेताच्या छातीवर पाव ठेवायचा, त्याने तो खायचा, वर वाडगाभर सफरचंदाची दारू प्यायची. मेलेल्याची पापं त्याच्या पोटात जातात. मग सहा पेन्या फेकायच्या आणि त्याला काठ्यांनी हाकलायचं. सगळ्या गावाची घाण मावायला गरिबाचंच पोट सापडतं.

"पाव बाबांना शोभेल असा कर," लेटिस म्हणाली. "साखर घाल."

"बाईसाहेब, हा पाव मिठाचा असतो."

"भिकाऱ्यांच्या घरी असेल. आपल्याकडे साखरेला काय तोटा?"

हुकूम तो हुकूम. मी साखरेची सुळक्यासारखी ढेप अडकित्त्याने फोडली.

दुपारी एनोक आला. "काय गं मार्जरी, अजून भोपळ्यासारखीच?"

"आणि तू गावाची पापं खाऊन वाळलेलाच!"

"पापात कस नसतो बाई. निव्वळ भुसा."

मालकाच्या छातीवरचा पाव उचलून त्याने घास घेतला. चावला. थांबला. घास तळहातावर थुंकला.

"ह्यात काय घातलंय?"

"साखर," लेटिस म्हणाली. "आमचीच. एक नंबरची."

एनोकने प्रेताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मीठ पाप ओढून घेतं. ही काय ओढणार? पाप खायला बोलावलंत आणि पानात पापच वाढलंत!"

"दुप्पट देते. दहापट देते. पण खा."

"मेलेल्याचं खातो मी. जित्याचं मला पचत नाही." त्याने पाव खाली ठेवला. "तुमचा तो चरक, आत्ता चालू आहे का?"

मार्च महिना. तिकडे ऊसतोडीचा हंगाम. चरक रात्रंदिवस चालू.

"मग तो बंद करा. बाकीचं मी बघतो."

मला वाटलं, आता म्हणेल, बंद करते. खरंच वाटलं हो. ती एवढंच म्हणाली, "मार्जरी, मिठाचा पाव कर."

मी केला. एनोकने तो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, दारू प्यायली, पेन्या घेतल्या. रिवाज म्हणून आम्ही काठ्या उगारल्या. माझी काही केल्या खाली येईना. दारातून तो वळून म्हणाला, "म्हाताऱ्याचं मिटलं. तो गोड पाव ज्याची साखर त्याचा."

लेटिस दिवसभर त्या पावासमोर बसून रडली. खोटं नव्हतं रडणं. हुंदक्यांनी तिला ओकाऱ्या येत होत्या. तिचं डोकं मी धरलं होतं.

सकाळी कारभारी आला. ब्रिस्टलहून जहाज सुटणार होतं. "बाईसाहेब, जमैकाला काय निरोप? आता मालक तुम्ही."

तिचे डोळे सुजून बारीक झाले होते. टेबलावर तो पाव, एनोकच्या दातांची खूण असलेला.

"हंगाम आहे तसा चालू दे," ती म्हणाली. "फक्त ती भिंतीवरची कुऱ्हाड काढून टाका म्हणावं. माझ्या गुऱ्हाळात असलं काही नको."

कारभारी मान झुकवून निघाला. मी हातातली किटली खाली ठेवली.

"अहो बाईसाहेब, चरक चालूच ठेवायचा आणि कुऱ्हाड नाही? मग हात सापडला तर?"

तिने कप पुढे केला.

"ती कुऱ्हाड माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही गं, मार्जरी. चहा ओत."