दोन भोकं आणि तिसरी रेघ

मित्रांनो, घोषणाताईंना ती नोकरी मिळाली.

वरचं वाक्य माझ्याकडून चुकून आधी सुटलं आहे. तुम्ही ते वाचलेलं नाही. घोषणाताईंना अजून काहीही मिळालेलं नाही, त्या खुर्चीत बसून नखं खात आहेत आणि पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नाही. आता सुरुवात करतो.

मी एक जुना ॲडॉप्टर आहे. लांबी एक वीत, रंग काळा, स्वभाव गरीब. मला एका टोकाला एक पिन आहे आणि दुसऱ्या टोकाला दोन भोकं. जुन्या हेडसेटला दोन वायरी असतात, एक कानाची आणि एक माइकची. नव्या लॅपटॉपला मात्र भोक एकच. या दोघांचं जमवून देणं हे माझं काम. थोडक्यात, मी मध्यस्थ आहे. लग्न जमलं की मध्यस्थाला कोण विचारतं, हे तुम्ही मोठ्यांना विचारा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आईवडिलांविषयी माहिती नाही. एका यंत्राने मला दाबलं, दुसऱ्याने पिशवीत घातलं, आणि थेट एका दुकानाच्या हुकावर मी लटकलो. माझ्या पुढे माझा जुळा भाऊ लटकत होता. त्यालाही एक पिन, दोन भोकं. पण त्याची दोन्ही भोकं कानांसाठीच. दोन माणसांनी एकच गाणं ऐकायचं असेल तर तो उपयोगी. बोलणं त्याला जमत नाही. आमच्यात फरक एवढाच, की त्याच्या पिनेवर दोन काळ्या रेघा आहेत आणि माझ्या पिनेवर तीन. तिसरी रेघ तोंडाची. तिच्यामुळे माणसाचा आवाज आत जातो.

पाच वर्षं मी त्या हुकावर होतो. माझ्यातून सगळ्यांचे आवाज जाऊ शकतात, पण माझा स्वतःचा एकही नाही. त्यामुळे 'मला घ्या हो' असंसुद्धा म्हणता येत नसे. कोणाचा तरी आवाज आपल्यातून जावा, एवढंच वाटायचं. कोणाचाही. दुकानदाराचं शिंकणंही चाललं असतं.

मग एक दिवस वायरमनभाऊ आले. हे घोषणाताईंचे धाकटे भाऊ. गावातली निम्मी घरं त्यांनी उजळली आहेत आणि उरलेली निम्मी त्यांच्यामुळे एकदा तरी अंधारात गेली आहेत.

"एक शेंडी, दोन भोकं, असलं काहीतरी द्या," ते म्हणाले.

"हेडसेटसाठी की नुसतं ऐकायला?" दुकानदाराने विचारलं.

"अहो, पंचवीस वर्षं हेच करतोय मी. वायर ती वायर."

दुकानदाराने खांदे उडवले आणि पुढचा नग काढून दिला. पुढचा नग म्हणजे माझा जुळा भाऊ. तो गेला. हुकावर एकाएकी फार मोकळं वाटू लागलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

आता घोषणाताईंविषयी सांगतो. त्या एकतीस वर्षं रेल्वे स्टेशनात गाड्यांच्या घोषणा करत. त्या बोलल्या की सगळा फलाट मान वर करायचा. मग स्टेशनात यंत्र आलं. ताई घरी आल्या, आणि सवयही सोबत आली. "कृपया इकडे लक्ष द्या, आंघोळीचं पाणी थोड्याच वेळात निघण्याच्या तयारीत आहे," असं त्या सकाळी सांगत. मान कोणीच वर करत नसे.

"वन्सं, पाण्याला ऐकू येत नाही," वायरमनभाऊंच्या बायको शिलाई मशीनवरून म्हणत. या वहिनी लोकांचे कपडे शिवतात आणि नवऱ्याला टोमणे, दोन्ही बारीक टाक्यांत.

"पाण्याला नाही गं, मलाच ऐकायचं असतं," ताई एकदा म्हणाल्या.   हे मी नंतर ताईंच्या जुन्या हेडसेटकडून ऐकलं.

मग अंध वाचकांच्या एका ग्रंथालयाची जाहिरात आली. पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करणारा माणूस हवा होता. जागा एक. परीक्षा लॅपटॉपवर, शनिवारी दुपारी चार वाजता, वायरच्या हेडसेटवरच. लॅपटॉपचा स्वतःचा माइक गेल्या वर्षी कपभर चहा पिऊन वारला होता. हेडसेट ताईंना स्टेशनाने निरोपाला दिलेला, दोन वायरींचा. म्हणजे सगळं येऊन अडत होतं ते एका ॲडॉप्टरवर.

शुक्रवारी त्यांनी माझ्या भावाला जोडून पाहिलं. ताई अर्धा तास वाचत होत्या. मग रेकॉर्डिंग लावलं, तर अर्धा तास शांतता.

"क्वालिटी बघ ताई," वायरमनभाऊ म्हणाले. "खरखर अजिबात नाही."

"माझा आवाजही अजिबात नाही, मेल्या!"

शनिवारी सकाळी हेडसेट गळ्यात घालून वायरमनभाऊ पुन्हा दुकानात. दुकानदाराने माझ्या भावाची पिन त्यांच्या नाकासमोर धरली. "किती रेघा?"

"दोन."

"बोलायचं तर तीन लागतात. काल विचारलं होतं मी तुम्हाला."

"मग काल बोलायचं नाही का तसं!"

"माझ्याही दोनच रेघा आहेत," दुकानदार म्हणाला, आणि त्याने मला हुकावरून उतरवलं.

मित्रांनो, तो क्षण मी कधीही विसरणार नाही. पाच वर्षांची धूळ वायरमनभाऊंनी एका फुंकरीत उडवली. त्यातली निम्मी माझ्या भोकांत गेली, पण मी मनावर घेतलं नाही.

चारला पाच कमी असताना त्यांनी मला लॅपटॉपला जोडलं. आता हेडसेटच्या दोन पिना माझ्या दोन भोकांत घालायच्या होत्या. हेडसेटची कानाची पिन हिरवी, माइकची गुलाबी. माझी भोकं मात्र दोन्ही काळी. त्यांच्याशेजारी कानाचं आणि माइकचं चित्र कोरलेलं आहे, तेही काळ्यावर काळं, मुंगीच्या चष्म्याच्या मापाचं.

वायरमनभाऊंनी चित्र पाहिलंच नाही. त्यांना पाहायची गरज नव्हती. "प्लगात नेहमी उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल," ते म्हणाले. "कानात करंट येतो, म्हणजे कान फेज. कान उजवीकडे."

मी ओरडलो. म्हणजे ओरडलो असतो. माझ्या उजवीकडे माइक आहे.

चार वाजले. आता एक गंमत सांगतो, जी शाळेत सांगत नाहीत. कानाची पिन माइकच्या भोकात घातली, तर कानातला स्पीकरच थोडाफार माइकसारखा चालतो. त्यामुळे ताईंचे कान बोलू लागले आणि तोंड ऐकू लागलं. माणसांत हे सर्रास चालतं. लॅपटॉपला सवय नव्हती.

पडद्यावर परीक्षक बाई दिसत होत्या. त्यांचे ओठ हलत होते आणि ताईंना काहीच ऐकू येत नव्हतं. ताई तरीही वाचू लागल्या. मग पडद्यावर अक्षरं उमटली : 'आवाज फार लांबून येतो आहे. आपण विहिरीत आहात का?'

मागोमाग दुसरी ओळ आली : 'सव्वाचारला पुढचा उमेदवार आहे.'

ताईंनी वाचणं थांबवलं. हात मांडीवर ठेवले. "राहू दे रे," त्या भावाला म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. घोषणा नव्हती ती. "यंत्रांचं आणि माझं जमतच नाही."

"जमतं कसं नाही! मी मेन स्विच बंद करून—"

"सरका तुम्ही," वहिनी उठून आल्या. "उभ्या जन्मात एक बल्ब पहिल्या फटक्यात लागला नाही तुमच्या हातून." त्यांनी डोळे मिटले आणि अंगठ्याने माझ्या भोकांशेजारचा भाग चाचपला. ज्या अंगठ्याला कापडाची उलट-सुलट बाजू न पाहता कळते, त्याला चित्रही कळलं. "हे गोल, दोन्हीकडे कान असलेलं. आणि हा उभा, काडीसारखा. म्हणजे तोंड. अहो फेज, उलटं घातलंत!"

पिना निघाल्या, पिना बसल्या. चार वाजून नऊ मिनिटं.

"ऐकू येतंय का?" ताईंनी विचारलं.

आणि ते माझ्यातून गेलं.

कसं सांगू, मित्रांनो? पाच वर्षं बंद असलेल्या घरात कोणी दिवा लावत लावत खोलीमागून खोली फिरावं, तसं. ताई एक पान वाचणार होत्या. दीपगृहातल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट होती. त्याला रोज वाटायचं, आज तरी एखादं जहाज भोंगा वाजवून उत्तर देईल. एक पान संपलं. परीक्षक बाईंनी थांबवलं नाही. ताईंनी दुसरं वाचलं, मग तिसरं. सव्वाचार होऊन गेले. मग ताई थांबल्या आणि सवयीने म्हणाल्या, "होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व."

"थांबू नका," पलीकडून आवाज आला, माझ्यातूनच. "जहाज वाजवतं का भोंगा, ते सांगा आधी."

ताईंनी मान वर केली.

नोकरी मिळाली. आता हे वाक्य वाचायला हरकत नाही. आठ दिवसांत ग्रंथालयाकडून खोकं आलं. त्यात नवाकोरा हेडसेट होता. त्याला एकच चपटी पिन, ती लॅपटॉपच्या बाजूला थेट बसते. मध्यस्थ लागत नाही. माझ्यामुळे ताईंचं काम झालं, आणि काम झाल्यामुळे मी उरलो नाही. तक्रार नाही. असं होतं, एवढंच कळवतो.

जुना हेडसेट आणि मी आता टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असतो. आमच्यात चार बोटांचं अंतर आहे. एका ड्रॉवरमध्ये राहतो, पण जोडलेले नाही. वर रोज दुपारी ताई वाचतात. लाकडातून ऐकू येतं, पण गोधडीतून आल्यासारखं. शब्द कळत नाहीत, नुसती चाल कळते. कधी कधी त्या हसतात, तेव्हा काय वाचलं असेल, यावर हेडसेट आणि मी संध्याकाळपर्यंत विचार करतो.

म्हणून मुलांनो, एवढं करा. घेण्याआधी रेघा मोजा. जोडण्याआधी चित्र पाहा. पिन काढताना वायर ओढू नका, पिनेची मान धरा. आणि काम संपलेल्या वस्तू ठेवायच्याच असतील, तर निदान जोडून ठेवा.

बाकी माझं म्हणणं मी रीतसर मांडत आहे.

प्रति,
मा. नवा हेडसेट,
टेबल, वरची बाजू.

विषय : किरकोळ रजा घेण्याबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आपण वर्षातून एक दिवस किरकोळ रजा घ्यावी. त्या दिवसाचे कामकाज अर्जदार व सहकारी (जुना हेडसेट) विनामोबदला पार पाडतील. एक पान पुरेसे आहे. मजकुराची अट नाही. औषधाच्या बाटलीवरील सूचना असल्या तरी चालतील.

अर्ज मिळाल्याची पोच द्यावी. पोच ड्रॉवर उघडूनच देण्यात यावी, ही नम्र विनंती.