भांडं कुणी वाजवलं
फिलिस्कोसनं मधमाश्यांच्या लांबोळक्या मडक्याचं तोंड ओल्या फडक्यानं बांधलं आणि ऊन चढायच्या आत ते क्लेनोच्या भिंतीपाशी आणून आडवं ठेवलं. गुपचूप परतायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. पण फडक्याची गाठ सुटते ना सुटते तोच दार उघडलं.

"भावोजी? एवढ्या सकाळी?"

"तुझ्या माश्या," तो म्हणाला. "परतल्यात."

बेटावर रीत अशी की, उठलेल्या मोहोळामागे जो काशाचं भांडं वाजवत जाईल, मोहोळ त्याचं. दोन महिन्यांपूर्वी क्लेनोचं मोहोळ उठलं तेव्हा तिचा नवरा थ्रासोन जाऊन नऊ दिवस झाले होते आणि ती सुतकात घरात बसली होती. भांडं वाजवलं ते फिलिस्कोसनं, थ्रासोनच्या चुलतभावानं. विचारणाऱ्यांना तो म्हणाला, आपण होऊन आलं. मग झऱ्यावरच्या बायका बोलू लागल्या: विटाळलेल्या घरात माश्या राहत नाहीत, माश्यांचा देव अरिस्तायोस कोपलाय तिच्यावर.

क्लेनोनं मडक्याला कान लावला.

"अगदी ह्यांच्यासारख्या. उठल्याबरोबर कुरकुर." ती हसली. बऱ्याच दिवसांनी. मग उठून गोठ्यात गेली आणि शेळीला दोरीनं ओढत बाहेर घेऊन आली.

"कुठं निघालीस?"

"टेकडीवर. बोलले होते देवाला, माश्या आण, शेळी देते. तुम्हीच चला सुरी घेऊन. घरात दुसरा पुरुष कोण आहे?"

"एकच तर आहे तुझी. दुभती."

"म्हणून काय देवाला फसवू?"

तिनं दोरी त्याच्या हातात दिली. शेळी त्याच्या अंगरख्याची कड चघळू लागली. त्यानं ती सोडवून घेतली नाही.

"नको नेऊस हिला," तो म्हणाला.

"का?"

"देवानं नाही आणल्या. भांडं मी वाजवलं होतं. तू सुतकात आहेस, बाहेर येणार नाहीस, हे ठाऊक असून."

क्लेनो त्याच्याकडे वळली.

"म्हणजे देव माझ्यावर कोपलाच नव्हता?"

"नाही."

ती उंबऱ्यावर बसली. हात मांडीवर उताणे ठेवले. घर शुद्ध करायला समुद्राचं पाणी लागतं. तळव्यांना चिरा पडल्या होत्या, त्यांत पांढरं मीठ बसलं होतं.

"रोज दोन घागरी," ती म्हणाली. "खालून वर."

"क्लेनो, मी..."

"थांबा जरा. दोन महिने मी देवावर नाही नाही तो आळ घेतला. आधी त्याची माफी मागू दे." तिनं पदर डोक्यावर ओढला आणि टेकडीकडे तोंड केलं. "तुमचं नंतर."

फिलिस्कोस दोरी धरून उभा राहिला.